गाऊन राहिला का रडून राहिला?

प्रश्न : मी आमगावचा. सकाळच्या गाडीने गोंदियाला कामाला जातो आणि अंधार पडता पडता परततो. जाता-येता कानात बहुतेक वेळा एकच गाणं असतं, क्वीन या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे सुरुवातीला गाणं ऐकून ऐकून त्याचे शब्द देवनागरीत वहीत उतरवले. मग डिक्शनरी घेऊन बसलो. शब्दांचा अर्थ, त्यावर माझा विचार, असं करता करता वहीची चाळीस पानं भरली.

माझा अर्थ असा : क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आठव्या वर्षी घर सोडून आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये आला. आई-वडील समुद्रापलीकडे, झांझिबारला. हे गाणं म्हणजे होस्टेलमधल्या पोराने आईला मनातल्या मनात लिहिलेलं पत्र आहे. मीही घरापासून दूर राहिलो आहे. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो होतो. घरच्यांनी धान विकून, नातेवाइकांकडून उसने घेऊन पैसे भरले, आणि मी दीड वर्षात सगळं सोडून परत आलो. माझा मित्र म्हणतो, तुझा अर्थ साफ चुकीचा आहे. फ्रेडीने ते गाणं स्वतःच्या लैंगिकतेबद्दल लिहिलं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मग माझी चाळीस पानं वाया गेली का?

एकदा मायने इअरफोन कानाला लावून दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हा पोरगा गाऊन राहिला का रडून राहिला?" तिला इंग्रजी येत नाही.

— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : तुमच्या मायच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वहीतलं आणि तुमच्या मित्राच्या म्हणण्यातलं जे काही आहे, त्याच्या अगोदरची गोष्ट तिने पकडली. तिने ऐकलेली दोन मिनिटं म्हणजे गाण्याचा पहिला भाग : आधी वाद्यांशिवाय एकात एक मिसळलेले आवाज, मग पियानो, आणि त्या पियानोवर आईला हाक मारणारा एकटा तरुण. एकही शब्द न कळता तिला कळलं की इथे कोणीतरी एकाच वेळी गातोही आहे आणि रडतोही आहे. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' हा ग्रंथ लिहून जे सांगितलं, त्याची याहून सोपी साक्ष मला सापडणार नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे, गंगेवरच्या गवळ्यांच्या वस्तीचं. ते तुमच्या जिल्ह्यात आणून सांगतो. कोणी म्हणालं, "आमचं गाव वैनगंगेवर आहे." शब्दशः घेतलं तर गाव पाण्यावर तरंगायला हवं. तसं होत नाही, म्हणून आपण 'काठावर' असा अर्थ घेतो. पण बोलणाऱ्याने 'काठावर' असं का म्हटलं नाही? कारण 'वैनगंगेवर' म्हणताना त्याला गारवा सांगायचा असतो, सुपीक माती सांगायची असते, आणि थोडा अभिमानही. पहिला अर्थ अभिधेचा, दुसरा लक्षणेचा, तिसरा व्यंजनेचा. तिसरा अर्थ शब्दात लिहिलेला नसतो, तरी तो शब्दातूनच येतो. घंटा वाजून थांबली तरी नाद मागे राहतो, तसा. त्याला ध्वनी म्हणतात. तुमच्या मायने थेट ध्वनी ऐकला. तुम्ही डिक्शनरी घेऊन अभिधेपासून वर चढत आलात. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

आता तुमचा अर्थ. तो गांभीर्याने तपासायचा तर आधी खात्रीच्या गोष्टी समोर ठेवू.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बुल्सारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार. घर पारशी, आडनाव गुजरातमधल्या बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथेच पियानो शिकला, तिथेच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड केला. 1963 मध्ये झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1964 मध्ये, तिथे क्रांती झाली आणि बुल्सारा कुटुंब इंग्लंडला गेलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' 31 ऑक्टोबर 1975 रोजी बाजारात आलं, तेव्हा तो 29 वर्षांचा होता. पाचगणी सोडून बारा वर्षं झाली होती.

हे बारा वर्षांचं अंतर लक्षात ठेवा. त्याने तुमचा अर्थ खोटा ठरत नाही. माणूस चाळिशीतही बालपणावर लिहितो. पण 'फ्रेडीने पाचगणीवर हे गाणं लिहिलं' असं विधान करायला पुरावा लागतो, आणि तो आयुष्यभर या गाण्याचा अर्थ सांगायचं टाळत आला. ऐकणाऱ्याने ऐकावं, विचार करावा आणि स्वतःचं ठरवावं, अशी त्याची भूमिका होती. तुमच्या मित्राचा अर्थही याच कारणाने 'जगाला माहीत असलेला' ठरत नाही. तो गीतकार टिम राइससारख्या जाणत्या माणसाने मांडला आहे, त्यात बळ आहे, पण फ्रेडीने त्यावर शिक्का मारलेला नाही. तेव्हा तुम्हा दोघांनाही एकच नियम लागू : अर्थ मांडा, पण कवीच्या तोंडी घालू नका.

मग अर्थ तपासायचा कशावर? मराठी माणसाला याचं उत्तर कीर्तनात मिळतं. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास बोलतो. दाखले देतो, गोष्टी सांगतो, आपल्या गावातलं काल घडलेलं काहीतरी त्यात आणतो. पण दर थोड्या वेळाने तो त्याच चरणावर परत येतो आणि टाळकरी तो चरण पुन्हा उचलतात. तुम्ही चाळीस पानं जे केलं त्याला आपल्याकडे निरूपण म्हणतात. मुक्ताबाईंच्या मुंगीच्या अभंगासारखी कूट रचना शतकानुशतकं गाणाऱ्या लोकांना, अर्थ उघडा नसलेलं गाणं नवं नाही. अशा अभंगाची किती निरूपणं झाली याची मोजदाद नाही, आणि एकाने दुसऱ्याला बाद केलेलं नाही. मात्र चरण सोडून भलतीकडे गेलेला कीर्तनकार श्रोत्यांना लगेच कळतो. तेव्हा आपणही पदावर परत येऊ. तुमचा होस्टेलचा अर्थ गाण्याच्या एकेका भागावर ठेवून पाहू.

आईला हाक मारणारा पहिला भाग : इथे तुमचा अर्थ चपखल बसतो. दूर असलेल्या मुलाचा आवाज, मागे राहिलेली आई, आपण परत आलो नाही तर तिने काय करावं याची काळजी. यात पत्राचा सूर आहे, हे तुम्ही बरोबर हेरलंत.

पण त्याच भागात तो तरुण खुनाची कबुली देतो. तुमच्या चाळीस पानांचं काय झालं असावं याचा मी अंदाज करतो : या जागी तुम्ही अडखळला असाल किंवा घाईने पुढे गेला असाल. होस्टेलमध्ये पाठवलेल्या आठ वर्षांच्या मुलाने कोणाचा काय गुन्हा केला? तो तर ज्याच्यावर अन्याय झाला असा मुलगा. गाण्यातला तरुण अपराधी आहे, आणि आपल्या अपराधाचं ओझं तो आईपुढे उतरवतो आहे. पाचगणीच्या गोष्टीत हा अपराध कुठेच सापडत नाही. तुमच्या मित्राच्या अर्थात तो सापडतो : मारला गेलेला माणूस म्हणजे स्वतःचंच जुनं रूप, फारोख बुल्सारा. त्या जागी त्याचा अर्थ तुमच्यापेक्षा जास्त धरतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते नीट ऐका. अपराध पाचगणीत नाही, तो तुमच्या पत्रात आहे. धान विकून भरलेले पैसे, दीड वर्षात सोडलेलं कॉलेज, परतीची गाडी. तुम्ही फ्रेडीचं बालपण पुढे केलंत, पण गाणं ज्या जागी तुम्हाला लागलं ती जागा बालपणाची नसून घरी तोंड दाखवण्याची आहे. आईला काहीतरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही, हा त्या गाण्याचा गाभा. आणि तो तुम्ही कोणाच्याही चरित्राच्या मदतीशिवाय ओळखला होता. वहीतलं पाचगणीचं प्रकरण काढून टाकलंत तर तुमचा अर्थ दुबळा होणार नाही, घट्ट होईल. 'हे गाणं फ्रेडीच्या होस्टेलबद्दल आहे' याऐवजी 'हे गाणं घरच्यांची अपेक्षा मोडून परत आलेल्या मुलाचं म्हणून मी ऐकतो' असं लिहा. पहिल्या वाक्याला कोणीही पुरावा मागेल. दुसऱ्याचा पुरावा गाण्याच्या प्रत्येक भागात आहे.

मधला ऑपेराचा भाग बघा. तिथे एकदम गर्दी होते. स्कारामूश हा जुन्या इटालियन लोकनाट्यातला बढाईखोर विदूषक, गॅलिलिओ हा खगोलशास्त्रज्ञ, फिगारो हा मोझार्ट आणि रॉसिनी या दोघांच्याही ऑपेरांत गाजलेला न्हावी, शिवाय एक स्पॅनिश नाच, एक अरबी 'बिस्मिल्ला' आणि शेवटी एक सैतान. दोन तट पडतात : एक म्हणतो या पोराला सोडा, दुसरा म्हणतो सोडणार नाही. ही पंचायत आहे. शिकायला गेलेला मुलगा अर्ध्यात परत आला की त्याच्याभोवती घरात, गल्लीत, लग्नकार्यात जी पंचायत बसते, ती तुम्ही अनुभवली असणार. कोणी कैवार घेतं, कोणी धारेवर धरतं, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे त्याचा आवाज मध्ये कुठेतरी बारीक होऊन जातो. त्या गर्दीचे सगळे आवाज खरं तर तिघांचेच आहेत : मर्क्युरी आणि बँडमधले त्याचे साथीदार ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांनी एकावर एक थर देत सुमारे तीन आठवडे हा भाग ध्वनिमुद्रित केला. म्हणजे मुलाला वाचवणारे आणि अडवणारे आवाज त्याच तीन गळ्यांतून निघालेले आहेत. पंचायत बाहेर आहे की मुलाच्या डोक्यातच भरली आहे? तुमच्या वहीत या प्रश्नाला दोन पानं द्यावीत असं मला वाटतं.

त्यानंतर गिटार उसळते आणि तोच मुलगा संतापतो. जो आत्तापर्यंत माफी मागत होता तो आता समोरच्याला जाब विचारतो. इथे तुमचा अर्थ पुन्हा जोर धरतो, पण एक अप्रिय गोष्ट मान्य करावी लागेल : माफी आणि राग एकाच माणसावर असू शकतात. ज्यांनी धान विकलं त्यांच्याबद्दल अपराधी वाटतं आणि ज्यांनी आपल्याला न विचारता इंजिनिअरिंगला घातलं त्यांच्यावर राग येतो, आणि ती माणसं तीच असतात. तुमच्या घरी असं घडलं की नाही, मला ठाऊक नाही. पण गाण्यात असं घडतं.

आणि शेवटी सगळा जोर ओसरतो. पियानो परत येतो, आवाज खाली येतो, एक मोठी घंटा वाजते आणि गाणं विरतं. हा शेवट शांतीचा की हार मानल्याचा? मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे, आणि माझं मत दोनदा बदललं.

'बिस्मिल्ला'बद्दल मात्र थोडं थांबतो, कारण चरित्राचा योग्य उपयोग कसा करायचा ते त्या एका शब्दात दिसतं. झांझिबार हे मुसलमान बहुसंख्य असलेलं बेट. तिथे वाढलेल्या पारशी मुलाच्या कानावर हा शब्द लहानपणापासून पडलेला असणार, हे म्हणायला चरित्र पुरेसं आहे. पण गाण्यात तो शब्द काय करतो? चरित्र शब्दाचं माहेर सांगतं. सासरी तो कसा नांदतो ते गाणंच सांगतं. गाण्यात तो सुटकेची याचना आणि नकार यांच्या मधोमध, ढकलाढकलीत येतो. 2004 मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट इराणमध्ये अधिकृतपणे विक्रीला आली, तेव्हा तिच्यासोबत फारसीत अर्थ सांगणारं पत्रक होतं. त्यात या गाण्याचं निरूपण असं की, एका तरुणाच्या हातून चुकून खून झाला, त्याने आत्मा सैतानाला विकला, आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेऊन तो आपला आत्मा परत मिळवतो. तिथल्या श्रोत्याला 'बिस्मिल्ला' हा गाण्याचा कणा वाटला. इंग्लंडमधल्या श्रोत्याला तो गमतीदार परका आवाज वाटला असेल. आमगावच्या श्रोत्याला आणखी तिसरं काही ऐकू येईल.

नावाबद्दलही तुम्ही वहीत लिहा. 'ऱ्हॅप्सोडी' हा शब्द ग्रीक, आणि त्याच्या मुळाशी गाणी शिवणं, टाके घालून जोडणं हा अर्थ आहे. 'बोहेमियन' म्हणजे कलंदर, घरदार नसल्यासारखा राहणारा. कलंदराची गोधडी असं मी मनाशी त्याचं मराठी केलं आहे. जुन्या लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, सदऱ्याचा तुकडा. सगळं वेगळं आणि पांघरलं की एक. 2023 मध्ये लंडनच्या लिलावात या गाण्याचे हाताने लिहिलेले कच्चे कागद विकले गेले, तेव्हा एका कागदावर आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सोडी' असं लिहून खोडलेलं दिसलं. ज्या शब्दावर आपण पानं भरतो तो कवीने शेवटच्या क्षणी बदललेला असू शकतो. मात्र गोधडीचा शब्द त्याने खोडला नाही.

आणि एवढे तुकडे एका गाण्यात कसे, याचं आश्चर्य शहरी समीक्षकांना वाटलं असेल. तुम्हाला वाटायचं कारण नाही. दिवाळीनंतर तुमच्याकडे मंडईची जत्रा भरते. रात्री दंडार असते, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. त्यात आईच्या मरणाचा प्रवेश संपतो न संपतो तोच विनोदी पात्र येतं, मग लावणी, मग पुन्हा रडू, आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत. पाच मिनिटं 55 सेकंदांच्या या गाण्याला रेडिओवाले फार लांब म्हणत होते. तुमच्याकडे तर रात्रभराचा सराव आहे.

प्रश्न : कवीने स्वतः सांगितलेला अर्थ हाच शेवटचा मानायला काय हरकत आहे? नाहीतर ज्याला जे वाटेल ते तो म्हणेल. मी शिक्षक होतो, मुलांच्या उत्तरपत्रिकांत काय काय वाचलं ते मलाच ठाऊक.

— एक वाचक, गोंदिया

उत्तर : गुरुजी, ज्याला जे वाटेल ते म्हणू देऊ नये, याबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेत 'लुई लुई' नावाचं एक साधं गाणं किंग्समेन या बँडने 1963 मध्ये गायलं. एक खलाशी दारूच्या गुत्त्यावरच्या माणसाला आपल्या दूरच्या प्रेयसीबद्दल सांगतो, एवढंच ते आहे. पण उच्चार इतके अस्पष्ट की पोरांना त्यात अश्लील शब्द ऐकू येऊ लागले, पालकांनी तक्रारी केल्या आणि एफबीआयने चौकशी सुरू केली. रेकॉर्ड वेगवेगळ्या गतीने वाजवून पाहिली. शेवटी निष्कर्ष निघाला की कुठल्याही गतीला काही कळत नाही. तिथे शब्द तपासण्याऐवजी भीती तपासली जात होती.

पण कवीच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. बीटल्स या बँडच्या जॉन लेननला 1967 मध्ये त्याच्या जुन्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं : आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला लावतात. लेननने मग मुद्दाम अर्थ लागू नये अशा प्रतिमा कोंबून 'आय ॲम द वॉलरस' पुरं केलं. वॉलरस हा प्राणी त्याने लुइस कॅरलच्या एका कवितेतून घेतला होता. पुढे त्यानेच सांगितलं की त्या कवितेत वॉलरस हा खलनायक आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे कवीने स्वतःच मूळ पद नीट वाचलेलं नव्हतं. उलट 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स' या गाण्याच्या नावातली अद्याक्षरं जुळवून लोकांनी त्यात एलएसडी हे नशेचं द्रव्य शोधलं. लेनन मात्र सांगत राहिला की नाव त्याच्या छोट्या मुलाने काढलेल्या चित्रावरून आलं. इथे त्याच्या साक्षीला वजन आहे, कारण ती एका घटनेची साक्ष आहे. नाव कुठून आलं हे कवीच सांगू शकतो. गाणं ऐकून आपल्याला काय होतं, ते त्याला सांगता येत नाही.

आपल्या विदर्भाचंच उदाहरण घ्या. नागपूरचे ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, यांच्यावर दुर्बोधतेचा शिक्का कायमचा बसला. पण त्यांची पावसातल्या निरोपाची कविता हृदयनाथ मंगेशकरांनी गायली आणि ती घराघरांत गेली. गेली ती कोण, प्रेयसी की आई, यावर ऐकणाऱ्यांची अजून भांडणं होतात. मी तरुण असताना पहिल्या पक्षात होतो. माझी आई गेल्यावर एकदा ते गाणं रेडिओवर लागलं आणि मी दुसऱ्या पक्षात गेलो. कवितेतला एकही शब्द मधल्या काळात बदललेला नव्हता.

उत्तरपत्रिका तपासताना मात्र तुम्ही विचारायचात ना, "कशावरून?" तोच प्रश्न इथेही विचारा. ज्याला पदातला शब्द दाखवता येतो, त्याला गुण द्या.

प्रश्न : पत्राच्या मागच्या बाजूला आणखी एक विचारतो. समजा फ्रेडी असता, आणि त्याला कळलं असतं की आमगावच्या गाडीत बसून कोणीतरी त्याचं गाणं देवनागरीत लिहून घेतो आणि त्यावर वही भरतो, तर त्याला काय वाटलं असतं?

— पहिल्याच पत्रातून, आमगाव

उत्तर : हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 रोजी वयाच्या 45व्या वर्षी गेला. त्याला काय वाटलं असतं ते मी सांगणार नाही. त्याच्या तोंडी काही घालायचं नाही, हे वरच ठरलं. पण हाच प्रश्न एका दुसऱ्या कवीला विचारता येतो, आणि तो तुमच्या गावचा आहे.

भवभूती हा आठव्या शतकातला नाटककार. 'उत्तररामचरित' त्याचं. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं, असं तो स्वतः लिहून गेला. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मांडलं. तुमच्या गावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे ते याच कारणाने. 'मालतीमाधव' या नाटकाच्या आरंभी त्याने आपल्याला नावं ठेवणाऱ्यांना बाजूला सारलं आणि आपलं लेखन अजून जन्माला न आलेल्या, कुठेतरी दूर असलेल्या, आपल्यासारख्याच मनाच्या माणसाच्या हवाली केलं. त्या माणसाचं गाव, भाषा, काळ यांतलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तरी तो आहे, असं धरून तो लिहीत राहिला.

या घटनेला बाराशेहून जास्त वर्षं झाली. त्याच मातीतला एक मुलगा रेल्वेच्या डब्यात बसून, झांझिबारला जन्मलेल्या, पाचगणीत शिकलेल्या आणि इंग्लंडमध्ये गायलेल्या माणसाचे शब्द नागरी अक्षरांत उतरवतो. ते उतरवताना काही शब्द चुकले असतील. माझेही चुकले होते; कॅसेटच्या आतल्या कागदावर गाण्याचे बोल छापलेले नसायचे, आणि कित्येक वर्षं मी एक शब्द भलताच गात होतो. चुकीचे शब्द आता सुधारा, पण जुनं पान फाडू नका. पहिल्यांदा कानाला काय ऐकू आलं, त्याची ती नोंद आहे.

एक काम मात्र राहिलं आहे. तुमच्या मायने फक्त दोन मिनिटं ऐकलं. पंचायत, संताप आणि शेवटची घंटा तिने ऐकलेलीच नाही. एखाद्या रविवारी सवड काढा, इअरफोन ठेवून द्या, मोबाइल मोठ्याने लावा आणि तिला पूर्ण गाणं ऐकवा. मध्ये अर्थ सांगू नका. संपल्यावर तिने विचारलं, तर वहीतलं पाचगणीचं नाही, पुण्याचं पान वाचून दाखवा. ती काय म्हणाली, ते मला तिच्याच शब्दांत कळवा.